ज्याला भेटायला कोणी येत नाही, त्याच्या खाटेपाशी

आत्याला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा तिची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. समोरचा माणूस काय बोलतो आहे ते तिला बहुतेक सगळे समजते, नको असलेल्या गोष्टीला ती डाव्या हाताने ठामपणे नकार देते; परंतु कुठे दुखते आहे, तहान लागली आहे का, रात्री कोणी तिच्यावर आवाज चढवला का, यांपैकी काहीही तिला सांगता येत नाही. दोन वर्षे आम्ही तिला घरी सांभाळले. तिला उचलून बसवताना दादाची कंबर कायमची धरली, वहिनीची सलग चार तास झोप म्हणून कधी झाली नाही, आणि एके पहाटे आत्या पलंगावरून खाली घसरलेली आढळली, तेव्हा तिच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितले की, आता तिला चोवीस तास शिकलेल्या हातांची गरज आहे. त्यानंतरच्या अडीच महिन्यांत मी सात शुश्रूषागृहे पाहिली आणि त्यांतल्या तीन ठिकाणी चार-चार वेळा गेले. काय पाहावे, काय विचारावे आणि कशाला भुलू नये हे कोणी आधी नीट सांगितले असते, तर माझे पहिले तीन आठवडे वाया गेले नसते; म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मराठीत ‘नर्सिंग होम’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर छोटे खासगी रुग्णालय येते, आणि ‘वृद्धाश्रम’ म्हटले की हिंडत्या-फिरत्या वृद्धांच्या राहण्याची सोय. मी लिहिते आहे ते तिसऱ्याच प्रकारच्या जागेविषयी, जिथे माणूस दीर्घकाळ राहतो आणि त्याचे रोजचे शरीरधर्मही दुसऱ्याच्या मदतीवाचून होत नाहीत. म्हणून जागा पाहायला निघण्याआधी आपल्या माणसाला नेमकी कशाकशात मदत लागते, हे कागदावर उतरवणे आवश्यक आहे. सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये यासाठी सहा गोष्टी धरल्या होत्या: अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरचा ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. आत्याच्या बाबतीत यांतल्या पाच गोष्टींना दुसऱ्याचा हात लागत होता, फक्त मलमूत्रावरचा ताबा शाबूत होता. तो टिकवायचा असेल तर तिने खूण करताच कोणीतरी वेळेवर आले पाहिजे, नाहीतर चार महिन्यांत तिला डायपरची सवय लावली जाईल आणि तोही ताबा जाईल, असे तिच्या फिजिओथेरपिस्टने बजावले होते. त्यामुळे पुढे प्रत्येक ठिकाणी माझा पहिला प्रश्न ठरला: ‘बोलता न येणारा माणूस इथे शौचाला जायचे आहे हे कसे सांगतो?’

सातपैकी दोनच ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर मिळाले. बाकीच्यांनी ‘आमच्या मावशींना सवयीने कळते’ असे सांगितले.

मी पाहिलेले पहिले ठिकाण अतिशय देखणे होते. दर्शनी दालन प्रशस्त होते, फरशी चकचकीत होती, बागेत बाके होती. व्यवस्थापकांनी तासभर प्रेमाने सगळे दाखवले आणि मी घरी येऊन दादाला म्हटले की, जागा मिळाली. दुसऱ्या खेपेला मात्र मी आत्याच्या डोळ्यांनी ती खोली पाहिली. बोलावण्याची घंटा खाटेच्या उजव्या बाजूच्या भिंतीवर, हातभर अंतरावर बसवलेली होती. आत्याचा उजवा हात हलत नाही. घंटा डावीकडे घेता येईल का, असे विचारल्यावर वायरिंग तसे असल्याचे सांगण्यात आले, आणि कोणी खाट फिरवून ठेवण्याचीही गोष्ट काढली नाही. एव्हेडिस डोनाबेडियन या वैद्यकीय अभ्यासकांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेची गुणवत्ता तपासण्यासाठी तीन अंगे सांगितली: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. रचना म्हणजे इमारत, यंत्रे, माणसांची संख्या; प्रक्रिया म्हणजे प्रत्यक्षात रोज काय केले जाते; आणि परिणाम म्हणजे त्यातून रुग्णाचे काय होते. नातेवाइकांना पहिल्या भेटीत दाखवली जाते ती बहुतांशी रचना, आणि माणूस जगतो तो प्रक्रियेवर. ती पाहायची असेल तर न कळवता जावे लागते. एकदा जेवणाच्या वेळी, एकदा संध्याकाळी पाळी बदलते त्या सुमारास, एकदा सुट्टीच्या दिवशी आणि परवानगी मिळाली तर एकदा रात्री. वेळ न ठरवता आलेल्या नातेवाइकाला दारातच अडवून ठेवणाऱ्या दोन जागा मी तिथल्या तिथे यादीतून काढून टाकल्या.

या सगळ्या फेऱ्यांतून माझ्यापुरती एक कसोटी तयार झाली. ज्या माणसाला भेटायला कोणी येत नाही आणि ज्याला स्वतः काही मागता येत नाही, त्याच्या खाटेपाशी काय दिसते, त्यावरून त्या जागेची पारख करावी. ज्याची मुलगी रोज येते त्याची चादर कुठेही स्वच्छच असते. आत्यासाठी आम्ही कितीही फेऱ्या मारल्या तरी चोवीसांपैकी बावीस-तेवीस तास ती आमच्यावाचून असणार, म्हणजे त्या तासांत तिची गत त्या एकट्या माणसासारखीच होणार, हे मला एका दुपारी फार स्पष्टपणे जाणवले. अशी माणसे बहुधा आतल्या बाजूच्या खोल्यांत असतात. त्यांच्या खासगीपणाचा मान राखूनच पाहिले पाहिजे. पांघरूण उचलून पाहण्याचा अधिकार आपल्याला नसतो. पण नमस्कार करून दोन मिनिटे शेजारी बसले तरी पुष्कळ कळते. नखे कापलेली आहेत का आणि त्यांखाली मळ आहे का, ओठ कोरडे पडून चिरलेले आहेत का, पाण्याचा पेला भरलेला आहे का आणि तो हाताला लागेल असा ठेवला आहे का, चष्म्याच्या काचा पुसलेल्या आहेत का, श्रवणयंत्र कानात आहे की टेबलाच्या खणात, अंगावरचा सदरा त्याचाच आहे की धुलाईत अदलाबदल होऊन आलेला. एका ठिकाणी एका आजोबांच्या डब्यात ठेवलेल्या कवळीवर त्यांच्या नावाची चिठ्ठी डकवलेली होती आणि ती ओली होऊ नये म्हणून वरून चिकटपट्टी लावली होती. त्या चिकटपट्टीने मला जेवढा धीर दिला, तेवढा कुठल्याही माहितीपत्रकाने दिला नाही.

वासाविषयी थोडे सांगते. शुश्रूषागृहात कधीच लघवीचा वास येऊ नये अशी अपेक्षा अवास्तव आहे, कारण अपघात होतच असतात. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या मजल्यांवर तोच जुना, मुरलेला वास येत असेल तर मात्र माणसे ओल्यात पडून राहत आहेत असे समजावे. फिनेलचा किंवा सुगंधी फवाऱ्याचा उग्र दर्प ठासून भरलेला असेल तर त्याचेही कारण विचारावे.

आता शय्याव्रणांविषयी, ज्यांना सगळे बेडसोअर म्हणतात. या एका विषयावर मी सर्वांत जास्त प्रश्न विचारले आणि माझ्या मते प्रत्येकाने विचारावेत. माकडहाड, कंबरेच्या बाजू, टाचा अशा हाड वर असलेल्या जागी सतत दाब राहिला की त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतली ऊती मरू लागते. पहिल्या टप्प्यात त्वचा फाटलेली नसते, फक्त लाली असते. ती बोटाने दाबली असता निरोगी त्वचा क्षणभर पांढरी होऊन पुन्हा रंगावर येते, व्रणाची सुरुवात असलेली लाली तशीच राहते. सावळ्या त्वचेवर ही लाली सहज दिसत नाही, म्हणून आजूबाजूच्या त्वचेपेक्षा ती जागा गरम, घट्ट किंवा वेगळ्या रंगाची लागते का हे हाताने चाचपावे लागते. चौथ्या टप्प्यात जखम स्नायू आणि हाडापर्यंत पोचते, आणि तिथून माणूस माघारी आणणे फार कठीण असते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच लिहून ठेवले होते की, रुग्णाला शय्याव्रण झाले तर दोष बहुधा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो. काही व्रणे उत्तम काळजी घेऊनही होतात, विशेषतः अखेरच्या आजारात, हे खरे. तरीही ‘सध्या तुमच्याकडे किती जणांना बेडसोअर आहेत, आणि त्यांपैकी किती जणांना ते इथे आल्यानंतर झाले?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ‘एकालाही नाही’ असे झटकन आलेले उत्तर मला फारसे विश्वासार्ह वाटले नाही. ‘तिघांना आहेत, दोघे रुग्णालयातून घेऊन आले, एकाला इथे झाला आणि तो आता भरत आला आहे’, हे उत्तर मला खरे वाटले, आणि ते देणाऱ्या सिस्टरांकडे मी पुन्हा गेले.

कूस बदलण्याचा तक्ता प्रत्येक ठिकाणी असतो. स्वतःहून वळता न येणाऱ्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवण्याचा प्रघात जुना आहे. दाब विभागणारी चांगली गादी असेल तर आज हे अंतर त्या त्या माणसाच्या प्रकृतीनुसार ठरवतात. तक्ता आहे की नाही यापेक्षा तो केव्हा भरला जातो हे महत्त्वाचे. एका ठिकाणी मी दुपारी चारच्या सुमारास एका आजींच्या खाटेशी उभी होते. पायथ्याशी लावलेल्या तक्त्यात सहाच्या आणि आठच्या रकान्यांतही सह्या झालेल्या होत्या, एकाच शाईने, एकाच वळणाच्या. आजी उताण्या होत्या, आणि सकाळी अकरा वाजता मी आले तेव्हाही त्या तशाच उताण्या होत्या. हे मी तिथल्या प्रमुखांना शांतपणे सांगितले. त्यांनी त्या मावशींना माझ्यादेखत रागे भरले, पण आजींना वळवायला कोणी आले नाही. मी बाहेर येऊन बराच वेळ रस्त्याकडेला उभी राहिले. त्या आजींची आठवण मला अजून येते.

जेवणाची वेळ पाहण्यासारखी दुसरी नाही. किती प्रकार वाढले याला माझ्या लेखी फारसे महत्त्व नाही. भरवणारी व्यक्ती बसून भरवते की उभ्या-उभ्या, एका वेळी एकाला भरवते की तिघांना, आणि पहिला घास गिळून झाल्याची खात्री करून मग दुसरा देते का, याला आहे. अर्धांगवायूनंतर अनेकांना गिळण्याचा त्रास होतो. घास किंवा पाणी श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. अशा माणसाला जेवताना ताठ बसवावे लागते, जेवण झाल्यावरही अर्धा तास तसेच ठेवावे लागते, आणि काहींना पातळ पदार्थ घट्ट करून द्यावे लागतात. हे सगळे करायला वेळ लागतो, म्हणजे माणसे लागतात. त्यातच वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे ‘मागितले की देतो’ हे पाण्याच्या बाबतीत पुरेसे उत्तर नव्हे. ठरावीक वेळांनी पाणी पुढे केले जाते का, ते विचारावे. आणि वजन. महिन्याभरात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन विनाकारण घटणे ही गंभीर खूण मानली जाते. पन्नास किलोच्या माणसाचे महिन्यात अडीच किलो गेले तर ताबडतोब कारण शोधावे लागते. म्हणून मी विचारत असे की, उभे राहता न येणाऱ्यांचे वजन तुम्ही कशावर करता? खुर्चीसकट वजन करण्याचा काटा जिथे नव्हता, तिथल्या नोंदवहीत दर महिन्याला लिहिलेले वजन कुठून आले, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

दुपारी तीन वाजता सगळे गाढ झोपलेले असणे हीसुद्धा शंकेची बाब आहे. स्मृतिभ्रंश झालेली माणसे संध्याकाळी अस्वस्थ होतात, फेऱ्या घालतात, हाका मारतात, आणि जिथे माणसे कमी असतात तिथे त्यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे गुंगीची गोळी. मनोविकारांवरची काही औषधे स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांना दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ मध्ये नव्या पिढीच्या औषधांबाबत दिला आणि २००८ मध्ये जुन्या औषधांनाही तो लागू केला. औषध कधीच देऊ नये असे मी म्हणत नाही. ते कोणी लिहून दिले, कशासाठी, किती दिवसांसाठी, आणि घरच्यांना विचारले का, हे स्पष्ट असले पाहिजे. बांधून ठेवण्याचेही तसेच. खाटेचे कठडे सुरक्षित वाटतात, परंतु गोंधळलेला माणूस ते ओलांडायला जातो आणि अधिक उंचीवरून पडतो, किंवा फटीत अडकतो. ज्या जागेत खाट जमिनीलगत खाली घेतलेली आणि शेजारी जाड गादी अंथरलेली दिसली, तिथे कोणीतरी यावर विचार केलेला होता.

माणसांविषयी दोन प्रश्नांनी काम भागते. रात्री दोन वाजता या मजल्यावर कोण जागे असते आणि त्यांच्याकडे किती जण असतात? आणि इथल्या मावशी-मामांपैकी किती जण वर्षभराहून अधिक काळ टिकले आहेत? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थापकांकडून घेण्याऐवजी मावशींशीच बोलावे. रोज नवा चेहरा येत असेल तर आत्यासारख्या न बोलणाऱ्या माणसाची प्रत्येक खूण रोज नव्याने शिकावी लागते, आणि ती शिकायला कोणाला सवड नसते. बोलण्याची रीत तर कानावर पडतेच. खाटेच्या क्रमांकाने उल्लेख होतो की नावाने, दारावर टकटक होते का, कपडे बदलताना पडदा ओढला जातो का, आणि दोघी मावशी आपल्या माणसाला पुसत असताना त्याच्याशी बोलतात की त्याच्या अंगावरून एकमेकींशी.

करारपत्र शांतपणे घरी आणून वाचावे. अनामत रक्कम परत कधी मिळते, डायपर आणि फिजिओथेरपी शुल्कात धरली आहे का, माणूस रुग्णालयात दाखल झाला तर खाट किती दिवस राखून ठेवतात, आणि रात्री-अपरात्री कोणत्या डॉक्टरांना बोलावतात, एवढे तरी लेखी घ्यावे. आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे दार कुलूपबंद नाही ना, हे स्वतः ढकलून पाहावे.

फाटकाबाहेर भेटणाऱ्या नातेवाइकांशी मी आवर्जून बोलत असे. ‘इथे चांगले आहे का?’ असे विचारले की सगळे हो म्हणतात, कारण नाही म्हणणे म्हणजे आपल्याच निर्णयावर बोट ठेवणे. मी विचारायला लागले की, ‘मागच्या वेळी इथे काही चुकले तेव्हा तुम्हाला ते कोणाकडून कळले?’ एका गृहस्थांनी सांगितले की, वडील पडल्याचे त्यांना दोन दिवसांनी कपाळावरची सूज पाहून कळले. दुसऱ्या एका जागेबाहेर एक ताई म्हणाल्या की, सासूबाईंची एक गोळी चुकून दोनदा दिली गेली, तेव्हा सिस्टरांनी पंधरा मिनिटांत फोन केला आणि रात्रभर दर तासाला रक्तदाब तपासला. चूक दोन्हीकडे झालेली होती. मी दुसरी जागा निवडली. तीन मजली, साधी, रंग उडालेली इमारत आहे ती.

ठरवण्याआधी आम्ही आत्याला तिथे नेले. तिच्या वतीने सगळे ठरवून मग तिला कळवावे, हे मला पटत नव्हते. दाखल करून घेताना सिस्टरांनी ब्रेडन मोजपट्टीचा कागद काढला. त्यात संवेदना, ओलसरपणा, हालचाल, आहार अशा सहा बाबींना गुण देऊन शय्याव्रणाचा धोका ठरवतात. १८ किंवा त्याहून कमी म्हणजे धोका आहे. आत्याचे १४ आले. एक मावशी पाण्याचा पेला घेऊन आल्या, उजवीकडच्या टेबलावर ठेवणार तेवढ्यात आत्याच्या हाताकडे त्यांचे लक्ष गेले, आणि काही न बोलता त्यांनी टेबलच ओढून डावीकडे आणले. आत्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. त्या होकारात किती समाधान होते आणि किती समजूतदारपणा, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

तिला तिथे राहायला लागून तीन महिने झाले तेव्हा एका सकाळी सिस्टरांचा फोन आला. ‘ताई, आज पुसताना आत्यांच्या उजव्या टाचेवर लाली दिसली. दाबल्यावर जात नाही. रात्री पायाखालची उशी सरकली होती, ते आमच्याकडून पाहायचे राहिले. डॉक्टरांना कळवले आहे.’ मी दुपारी पोचले तेव्हा पोटरीखाली उशी होती आणि टाच गादीपासून दोन बोटे वर, अधांतरी होती. वहीत सकाळी ७ वाजून १० मिनिटांची नोंद होती, लालीचे माप होते, आणि कोणाच्या पाळीत उशी सरकली तेही लिहिलेले होते. पाचव्या दिवशी सिस्टरांनी मला जवळ बोलावले आणि आत्याची टाच हातात धरून अंगठ्याने हलकेच दाबली. त्वचा पांढरी झाली आणि लगेच रंगावर आली.